सुरणाची ऊब: अखेर ८५ शिवाय एक अख्खी रात्र

आलेख हाती आला! सुरणाचा फुलोरा उमलताना संध्याकाळी स्वतःहून तापतो, ती ऊब मी सेन्सर लावून मोजतोय. संध्याकाळपासून पहाटेपर्यंत सलग रेघ, मधे सेन्सरचा एकही खोटा आकडा नाही: ८५ नाही, उणे १२७ नाही. रात्री साडेनऊला परसातली हवा २७.५, तुलनेला ठेवलेल्या उकडलेल्या केळफुलातला सेन्सर २७.९ आणि सुरणाच्या टोपातला, म्हणजे फुलोऱ्याच्या टोकाच्या जाड गोळ्यातला, ३३.४. हवेपेक्षा जवळजवळ सहा अंश जास्त. मध्यरात्रीनंतर टोपाची रेघ उतरत गेली आणि उजाडेपर्यंत तिन्ही एकमेकींना चिकटल्या. मी हा आलेख छापून भिंतीवर लावलाय.

८५ कुठून येत होता ते आता नक्की कळलंय, म्हणून तेच आधी सविस्तर.

डीएस१८बी२० या माझ्या तापमानाच्या सेन्सरला वीज मिळाली की त्याच्या मेमरीत पहिला आकडा ८५ असतो. मोजणी पुरी व्हायच्या आत वाचलं, किंवा मोजता मोजता वीज क्षणभर खचली, की तोच आकडा परत मिळतो. हे सेन्सर वापरणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. पण माझ्याकडे तो रोज साडेसहा ते आठच्या दरम्यानच यायचा, म्हणजे नेमका टोप तापायला लागतो तेव्हा. ‘कोडमध्ये ८५ गाळून टाक’ असं बऱ्याच जणांनी सुचवलं. मला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही. गाळलेले आकडे रात्रभर विखुरलेले असते तर चाललं असतं. इथे चढाची सुरुवातच गायब होत होती, आणि ऊब कधी सुरू होते हाच तर माझा मुख्य प्रश्न आहे.

कारण निघालं शेजारच्या कुळागरातला पंप. पाऊस यायच्या आधीचे दिवस, पोफळींना संध्याकाळी पाणी सोडतात. पंप सुरू झाला की आमच्या पडवीतला दिवा मंद होतो. मल्टिमीटरच्या पिना केबलच्या परसातल्या टोकाला धरून बसलो, तर ३.३ व्होल्ट पंपाच्या पहिल्या घरघरीसरशी २.७ वर. या सेन्सरला किमान ३ लागतात. आकडे नोंदवणारा ईएसपी३२ बोर्ड तेवढ्यात तग धरतो, म्हणून तो बंद पडत नव्हता आणि संशय त्याच्याकडे जातच नव्हता.

उपाय असे केले. चार्जर काढून १८६५० च्या (परत चार्ज होणाऱ्या लिथियम) सेलवर सगळं चालवलं. प्रत्येक सेन्सरच्या पायाशी १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर जोडला. लांब केबलसाठी सिग्नलच्या तारेवरचा ४.७ किलोओमचा पुल-अप रेझिस्टर बदलून २.२ चा टाकला. आणि प्रत्येक सेन्सरला वेगळी तार न नेता एकच मुख्य केबल ठेवून तिच्यावर सेन्सर घेतले. कपॅसिटर म्हापशाच्या बाजारातल्या एका जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून आणले. काय बनवतोय ते विचारून त्याने स्वतः मोजून दिले. असं दुकान जवळ असेल तर ऑनलाइनच्या मागे लागू नका.

ऑनलाइन मागवलेल्या सेन्सरांचं तर विचारूच नका. अस्सल चिपच्या क्रमांकात २८ नंतर चार बाइट, मग दोन शून्य बाइट आणि शेवटी तपासणीचा बाइट असतो. माझ्या पुडक्यातल्या बऱ्याच सेन्सरांत ती शून्यं नव्हतीच. बर्फाचा चुरा आणि पाणी थर्मासमध्ये कालवून त्यात बुडवले, तेव्हा एक तर १.६ वरून हलेना. बर्फाची ही परीक्षा घेतल्याशिवाय एकही सेन्सर फुलाला लावू नये. इन्फ्रारेड बंदुकीवरही माझा भरवसा नाही. तिचा ठिपका टोपापेक्षा मोठा पडतो आणि ओलसर पृष्ठभाग थंडच दिसतो.

केळफुलाबद्दल बऱ्याच जणांनी विचारलंय. दिवसभर उन्हात तापलेली कुठलीही जाडजूड वस्तू संध्याकाळी हवेपेक्षा गरम राहणारच, मग ही ऊब सुरणाची स्वतःची हे कशावरून? म्हणून साधारण त्याच जाडीचं केळफूल उकडून मारलं, निवू दिलं आणि दुपारपासून शेजारी उभं केलं. सात वाजेपर्यंत दोन्ही रेघा बरोबरच उतरत होत्या. मग केळफूल उतरतच राहिलं आणि टोप वर चढला. तो कोन बघितला आणि मी पडवीतून आत ओरडत गेलो.

वासही त्याच तासाला. काकी कुंपणापाशी येऊन म्हणाली, “अरे, घूस मेलीय बघ तुझ्या परसात.” तिला हाताला धरून आणली आणि टोपाला बोट लावायला दिलं. तिने बोट मागे घेतलं, परत लावलं आणि म्हणाली, “ताप आलाय की रे याला!”

ही ऊब येते कुठून? पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियात पर्यायी ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम इलेक्ट्रॉनांना आडवाटेने ऑक्सिजनपर्यंत नेतं. त्यामुळे एटीपी, म्हणजे पेशी वापरते ते ऊर्जेचं इंधन, फार थोडं बनतं आणि साठवलेल्या पिष्टाची बरीचशी ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. त्या उष्णतेने गंधकाची दुर्गंधी संयुगं उडतात आणि भुंगेरे खेचले जातात. लामार्क या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने १७७८ मध्ये याच कुळातल्या अॅरमची ऊब नोंदवली होती, पण तिला चालना देणारं द्रव्य सॅलिसिलिक आम्ल असल्याचं १९८७ मध्ये सॉरोमॅटम या त्याच कुळातल्या वनस्पतीवर सिद्ध झालं.

हे लिहितानाच सुचलं: त्याच वनस्पतीत सॅलिसिलिक आम्लाच्या जवळच्या अॅस्पिरिननेही काम झालं होतं. मग सुरणात का बघू नये? पुढची कळी नर फुलांच्या पट्ट्यात दुसरा सेन्सर लावायला राखून ठेवली होती. आता बेत बदलतो. कळी उमलायच्या आदल्या दिवशी टोपाचे दोन तुकडे कापायचे, एक साध्या पाण्यात, एक अॅस्पिरिनच्या पातळ द्रावणात, दोन्हींत तपासलेले सेन्सर. नर फुलांचा पट्टा तिसऱ्या गड्ड्यावर, तो अजून जमिनीतच आहे.

आणि दिवाळीनंतर कमळ. ते तर तापमान धरून ठेवतं: हवा १० ते ३० अंशांमध्ये कुठेही असली तरी फूल ३० ते ३६. आमच्याकडे डिचोलीत थंडीच्या रात्री हवा विशीच्या आसपास येते, टबात एखादी उशिराची कळी टिकली तर फरक छान दिसेल. कमळाच्या पुष्पथालीला (फुलाच्या मधल्या शंकूला) इजा न करता सेन्सर कुठून आत न्यायचा, हे कोणी करून बघितलं असेल तर फोटोसकट सांगा. आणि ज्यांच्या सुरणाची कळी मृगाच्या आत वर येतेय त्यांनी आजच बर्फ आणून सेन्सर तपासून घ्या, कळी उमलायला लागली की वेळ मिळत नाही.