ताई, ऑइल किती किलोमीटरला बदलता?

मोशीला आमचं पार्किंग आहे. तिथे चहाला थांबलेला कुणीही गाडीवाला दुसऱ्या घोटाला विचारतोच, "ताई, ऑइल कुठलं टाकता आणि किती किलोमीटरला बदलता?" त्याला ब्रँडचं नाव आणि एक आकडा हवा असतो. मी उलट विचारते, "गाडी काय काम करते?" मग त्याला वाटतं, बाई सांगायचं टाळतेय.

आमच्या पाच गाड्या. तीन ट्रेलर चाकणहून न्हावा शेवाला कंटेनर नेतात, दोन डंपर वाघोलीच्या खाणींवर. अण्णांच्या हातून धंदा माझ्याकडे आला तेव्हा सगळ्यांना एकच नियम होता, वीस हजाराला ऑइल. मीही तोच वहीत पुढे चालवला. सात महिन्यांनी एका डंपरचं इंजिन ठोकायला लागलं. फिटरने इंजिनखालचं ऑइलचं चेंबर उतरवलं, तर कनेक्टिंग रॉडची बेअरिंगं खाल्लेली. मीटरप्रमाणे ऑइल जेमतेम साडेदहा हजार चाललेलं. मी ऑइल भेसळीचं म्हणून दुकानदाराशी भांडूनही आले. (त्याची माफी नंतर मागितली, उधारी सुरू ठेवायची होती.)

मग रात्री हिशोब मांडला. ट्रेलर सरासरी ताशी ४० ने जातो असं धरलं, तर २०,००० किलोमीटरला त्याचं इंजिन ५०० तास चालतं. डंपर दिवसाला ६० किलोमीटर फिरतो, पण इंजिन नऊ तास चालू. क्रशरच्या रांगेत उभा, भरताना उभा, खाली करताना रेस. म्हणजे साडेदहा हजार किलोमीटरला दीड हजार तासांच्या वर. ट्रेलरच्या तिप्पट राबलेलं ऑइल मी 'अजून निम्मं आयुष्य शिल्लक' म्हणून तसंच ठेवलं होतं. किलोमीटर चाकं मोजतात, ऑइल इंजिनात असतं. दोन्ही डंपरांवर आता तासांचा हिशोब आहे. गाडीच्या पुस्तकातही खाणकाम, धूळ, उभ्याने इंजिन चालणं यांना वेगळा, कमी अंतराचा रकाना असतो. तो कुणी उघडत नाही, मीही उघडला नव्हता.

त्यात वाघोलीची धूळ. एअर फिल्टर किंवा त्याचा होज पाइप जरा ढिला असला की खडीची भुकटी सिलिंडरमध्ये जाते, तिथून ऑइलमध्ये, आणि ऑइल पॉलिश पेपरसारखं काम करायला लागतं. अशा गाडीत कितीही महागडं ऑइल ओता, उपयोग शून्य. वापरलेल्या ऑइलचा नमुना लॅबला दिला की सिलिकॉन (म्हणजे धूळ) आणि लोखंड (म्हणजे झीज) किती ते कळतं. सिलिकॉन चढलेलं दिसलं की मी ऑइलवाल्याला नाही, आधी होजच्या क्लिपला हात घालते.

ऑइल काळं झालं म्हणून घाबरू नका. डिझेलची काजळी रिंगांच्या फटीतून खाली येणारच, आणि ती चेंबरच्या तळाशी न बसू देता अंगावर धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे. घाबरायचं ते गेजवर पातळी वाढलेली दिसली तर. ड्रायव्हर खूश होतो, "ताई, ऑइल खातच नाही गाडी!" पण ऑइल काही वितं का? डिझेल तरी मिसळलंय, नाहीतर इंजिन थंड ठेवणारं कूलंट. कूलंट असेल तर रंग ताकासारखा होतो. काही बीएस ६, म्हणजे धुराच्या नव्या नियमांच्या, इंजिनांत धुराचा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, साफ करायला सिलिंडरमध्येच जादा डिझेल मारतात. ती सफाई ड्रायव्हरने सारखी अर्धवट तोडली की तेच डिझेल खाली उतरतं.

आता कुठलं ऑइल. डब्यावर १५डब्ल्यू-४० दिसलं की लोक पुढचं वाचत नाहीत. तो फक्त जाडपणा. १५डब्ल्यू म्हणजे उणे वीस अंशातही इंजिन फिरेल इतपत पातळ, आणि पुण्याची थंडी कितीही कडाक्याची म्हटली तरी तिथवर जात नाही. खरी ओळख त्याशेजारच्या अक्षरांत असते. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ आलं, तेव्हापासून डीपीएफवाल्या गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं, डब्यावर सीके-४ लिहिलेलं किंवा कंपनी सांगेल ते. काजळी डीपीएफमध्ये जळून जाते, ऑइलची राख जळत नाही. ती साचत जाते आणि फिल्टर चोंदतो. आमच्या एका ड्रायव्हरने खंडाळ्याला पातळी कमी दिसली म्हणून ढाब्याशेजारून सीआय-४ प्लस, म्हणजे आधीच्या पिढीचं जास्त राखेचं ऑइल, दोन लिटर ओतलं. दोन लिटरने गाडी मरत नाही. त्याला रागावले नाही, पण आता प्रत्येक केबिनमध्ये आमचाच डबा असतो.

जुन्या बीएस ४ गाडीत सीके-४ चालतं, उलटं नाही. म्हणून आम्ही दोन ऑइलं ठेवणंच बंद केलं. लिटरमागे थोडे पैसे जास्त जातात, पण रात्री अकराला कोण कुठल्या पिंपातून काढेल याची काळजी मिटली. ब्रँड? अक्षरं जुळत असतील आणि डबा खरा असेल तर कुठलाही. फिल्टर मात्र दर वेळी नवा, यावर घासाघीस नाही.

खऱ्या डब्यावरून आठवलं. भंगारात चांगल्या रिकाम्या बादल्यांना भाव येतो, आणि त्यांत पुन्हा काय भरलं जातं ते बाजाराला ठाऊक आहे. म्हणून बादली रिकामी झाली की मी बुडाला खिळ्याने चार भोकं पाडते. ड्रायव्हर हळहळतात, घरी पाण्याला झाली असती म्हणून. पार्किंगच्या भिंतीला लागून आता त्यांत कोरफड आणि सदाफुली लावली आहे.