मालवणला निघताना पंधरा सेंटिमीटरची पट्टी सोबत ठेवा

कोल्हापुराहून राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली, कसाल असं करत मालवण गाठायला आम्ही चार तास धरतो. डिकीत थर्माकोलचा खोका असतोच. यावेळी सोबत मुलांच्या कंपासपेटीतली पंधरा सेंटिमीटरची पट्टीही घेतली.

संध्याकाळी किनाऱ्यावर मासळीचा लिलाव सुरू झाला की ती कामाला येते. पापलेट हा 2023 पासून महाराष्ट्राचा राज्य मासा. त्याचं किमान कायदेशीर माप आहे 135 मिलिमीटर. तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत मोजूनही साडेतेरा सेंटिमीटर भरत नसेल तर ते पिल्लूच, एकदाही अंडी न घातलेलं. असा वाटा स्वस्त पडतो, पण घरी साफ केला की हाती फारसं काही उरत नाही. कुर्ल्या म्हणजे खेकडे घेताना उलट्या करून पोटाखालची झापड बघा. तिथं दाण्यांचा पुंजका चिकटलेला असेल तर ती अंडी आहेत. दाणे नारिंगी असतील तर अंडी ताजी, काळपट झाले असतील तर पिल्लं बाहेर पडायच्या बेतात. अशी कुर्ली आम्ही घेत नाही.

एवढी लहान मासळी वर येते ती जाळ्यामुळे. ट्रॉलर म्हणजे जाळं ओढत नेणारी यांत्रिक बोट. तिच्या जाळ्याची आस, म्हणजे भोक, शंकरपाळ्याच्या आकाराची असेल तर बोटीच्या ओढीनं ती ताणली जाते, मिटते आणि पिल्लांची वाट बंद होते. म्हणून जाळ्याच्या शेवटच्या पिशवीला 40 मिलिमीटरची चौकोनी आस लावायचा नियम आहे. चौकोन ओढ बसली तरी उघडा राहतो. एलईडी दिव्यांची मासेमारी तर सरसकट बंद आहे. उजेडाकडे मोठ्याबरोबर लहानही धावतात आणि सगळा थवा एकाच फेऱ्यात उचलला जातो. किनाऱ्यावरून हातानं जाळं ओढणाऱ्या रापणीवाल्यांच्या वाट्याला मग काय उरणार? त्यांचा याबद्दलचा राग आम्हाला पूर्ण पटतो.

रापण मात्र सकाळी उठून बघाच. होडी अर्धगोल फिरून जाळं टाकते आणि किनाऱ्यावर दोन बाजूंनी माणसं दोर ओढत मागं सरकत जातात. मदतीला हात लावायचा तर आधी विचारा. जाळ्यात कासव आलं तर त्याला पंखांना धरून ओढायचं नाही, गुंता कापायचा. संरक्षित जीव सोडताना फाटलेल्या जाळ्यासाठी मच्छीमाराला 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळण्याची सरकारी योजना आहे. त्यासाठी सोडतानाचे फोटो लागतात, तेवढे तुमच्या मोबाईलवर काढून द्या.

सिंधुदुर्ग किल्ला ज्या कुरटे बेटावर उभा आहे, त्याच्याभोवतीचं पाणी 1987 पासून सागरी अभयारण्यात आहे. एकूण क्षेत्र 29.12 चौरस किलोमीटर. किल्ला आणि शेजारच्या पद्मगडाजवळचा भाग गाभ्यात, म्हणजे सगळ्यात जपायच्या भागात येतो. तटाखालच्या खडकांवर गळ टाकून बसू नका, शंखशिंपले आणि प्रवाळाचे तुकडे खिशात घालू नका. स्नॉर्केलिंग करताना खडकावर पाय टेकवणं सगळ्यात वाईट. खडक म्हणून ज्यावर उभे राहता ते जिवंत प्रवाळ असू शकतं, आणि पायांनी उडालेली वाळू त्यावर बसली की ते गुदमरतं.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. आपल्याकडची मंडळी नेमकी त्याच दिवसांत पाऊस बघायला घाट उतरतात आणि ताटात ताजी सुरमई मागतात. ती बहुतेक बर्फातली जुनी असते. त्या दिवसांत सुका बांगडा, सुकट किंवा जवळा मागवावा.

परतताना पाच घरांची ऑर्डर पुरी करायच्या नादात बारीकसारीक मासळी खोक्यात जाते, म्हणून निघण्यापूर्वीच घरोघरी सांगून ठेवा: मापाचा मिळाला तरच आणू. मासे जागेवरच साफ करून घ्या. खोक्यात तळाला फोडलेला बर्फ, वर माशांचा थर, पुन्हा बर्फ; वजनाला निम्मं-निम्मं. घाट चढल्यावर राधानगरीत थांबून वितळलेलं पाणी काढून टाका, त्यात भिजत राहिलेला मासा कोल्हापूर येईपर्यंत मऊ पडतो.