गाडी ऐकू येते

निर्लेखनाची, म्हणजे संग्रहातून काढून टाकायच्या वस्तूंची यादी हा ग्रंथालयातला सर्वांत कोरडा कागद असतो. दाखल क्रमांक, शीर्षक, कारण आणि सही, असे चार रकाने. मागच्या वर्षी जुलैमधल्या एका गुरुवारी दुपारी चार वाजता मी केलेल्या अशाच एका यादीवर समितीचा शिक्का बसायचा होता. यादीत २१२ नोंदी होत्या आणि कारणाच्या रकान्यात जवळजवळ वरपासून खालपर्यंत मी एकच शब्द लिहिला होता: ‘दुबार’.

हा संग्रह आमच्या ध्वनिविभागाला देणगी म्हणून मिळाला होता. देणगीदार मूळचे वेंगुर्ल्याचे, व्यापारी जहाजांवर चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले आणि नंतर दादरला स्थायिक झालेले गृहस्थ. त्यांच्या निधनानंतर त्यांच्या मुलीने सुमारे अकराशे एलपी तबकड्या आणि सीडी एका टेम्पोत भरून आमच्याकडे पाठवल्या. जवळजवळ सगळा इटालियन ऑपेरा, आणि त्याच्या जोडीला रोसिनी, व्हेर्दी यांची ओव्हर्चर, म्हणजे पडदा उघडण्यापूर्वी नुसत्या वाद्यवृंदाने वाजवायचे संगीत. आपल्या संगीत नाटकात नांदीला जी जागा, तीच तिकडे ओव्हर्चरला. फक्त तिथे गाणारे कोणी नसते. जिनोआ, नेपल्स, लंडन इथल्या दुकानांच्या किमतीच्या चिकटपट्ट्या अजून पाकिटांवर होत्या. पहिल्या आवृत्त्या मात्र फारशा नव्हत्या. डेक्का या ध्वनिमुद्रण कंपनीच्या ‘एस ऑफ क्लब्ज’, ‘एक्लिप्स’ यांसारख्या स्वस्त मालिका आणि पुढे सीडीच्या काळात नॅक्सॉसची ऐतिहासिक मालिका, अशी बहुतेक सगळी फेरप्रकाशनेच होती, आणि तीही एकेका ध्वनिमुद्रणाची तीन-तीन, चार-चार. व्हिक्टर दे साबाताच्या संचालनाखाली मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात १९५३ साली मुद्रित झालेल्या, गायिका मारिया कालासच्या ‘तोस्का’ या ऑपेराचे तर पाच संच निघाले.

माझी सारी तालीम पुस्तकांवर झालेली आहे. पुस्तकाचे पुनर्मुद्रण म्हणजे मजकूर तोच, कागद नवा. एक प्रत ठेवावी, उरलेल्या काढून टाकाव्यात. हाच न्याय मी तबकड्यांना लावला. जागेचीही ओढ होतीच. पावसाळ्यात पाकिटांवर बुरशी धरते आणि ओल शोषून घेणारे यंत्र आमच्याकडे एकच आहे.

त्या दिवशी सकाळी शेवटचे खोके तपासायचे राहिले होते. लंडनच्या एका वाद्यवृंदाने वाजवलेल्या रोसिनीच्या ओव्हर्चरची एक एलपी मी आतल्या पाकिटातून बाहेर काढली, तेव्हा तिच्याबरोबर कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूचा कापलेला एक चिठोरा खाली पडला. त्यावर पेन्सिलीने, बारीक पण सुवाच्य अक्षरात लिहिले होते: ‘गाडी ऐकू येते.’ त्याच ध्वनिमुद्रणाच्या पुढच्या काळातल्या स्वस्त एलपीत दुसरा चिठोरा होता: ‘गाडी नाही. बेसही अर्धा गेला.’ तिसरी प्रत सीडी होती. तिच्या पुस्तिकेत लिहिले होते: ‘गाडी परत आली. बेससकट.’ या तिन्हींपैकी दोन माझ्या यादीत होत्या.

माझ्या सहायकाचे म्हणणे पडले की ही काहीतरी किमतीची सांकेतिक भाषा असावी. आमचे शिपाईमामा म्हणाले, “जहाजावरचा माणूस, गाडी म्हणजे बंदरावरून घरी न्यायची टॅक्सी असंल.” शेवटी मी देणगीदारांच्या मुलीला फोन केला.

“गाडी? बाबा आयुष्यभर पाण्यावर होते, मॅडम, त्यांचा गाडीशी काय संबंध?” असे म्हणून त्या क्षणभर थांबल्या. “थांबा हं. मी लहान असताना ते स्पीकरच्या लाकडावर माझा हात ठेवायचे आणि म्हणायचे, आली बघ गाडी. आमचं घर रुळांना लागूनच होतं. मला वाटायचं, लोकलबद्दलच बोलतायत.”

“ताई, तबकडी चालू असतानाच म्हणायचे ना?”

“हो, तेव्हाच. आणि तेव्हा घरात कोणी बोललेलं चालायचं नाही.”

फोन ठेवून मी पहिली एलपी श्रवणकक्षात लावली. ‘लितालियाना इन आल्जेरी’चे ओव्हर्चर सुरू झाले. १८१३ सालच्या या रचनेची सुरुवातच खोडकर आहे: तंतुवाद्यांच्या तारा धनुष्याने न घासता बोटांनी हलकेच छेडत, चवड्यांवर चालल्यासारखे काही सूर येतात, आणि ऐकणारा कान पुढे करतो न करतो तोच अख्खा वाद्यवृंद अंगावर येतो. त्या दबक्या सुरांच्या खाली मला पहिल्या खेपेस काहीच ऐकू आले नाही. वातानुकूलन बंद केले, पंखा बंद केला, मोठे हेडफोन चढवले. तेव्हा खाली, अगदी तळाशी, काहीतरी घरंगळत जवळ आले आणि निघून गेले. तो आवाज म्हणण्यापेक्षा दाब होता. शेजारच्या इमारतीत पाण्याचा पंप सुरू झाला की भिंतीला जसे कळते, तसा. माझा पहिला संशय आमच्या टर्नटेबलवर गेला, कारण जुन्या यंत्राची घरघर सुईतून चढतेच. पण यंत्राची घरघर अखंड असते, ती येत-जात नाही. आणि सीडीला तर टर्नटेबल लागतच नाही, तरी तिच्यातही ते घरंगळणे नेमके त्याच सुरांखाली होते. मधल्या स्वस्त एलपीत ते नव्हते.

सीडीच्या पुस्तिकेत मागच्या पानावर, मुंगीच्या अक्षरांत स्थळ छापलेले होते: किंग्जवे हॉल, लंडन. ते वाचले आणि मी कपाळावर हात मारला. हे नाव मी शेकडो वेळा नोंदीत उतरवले असेल. १९१२ साली बांधलेले हे मेथडिस्ट पंथाचे सभागृह, पण त्यातल्या घुमाऱ्यामुळे डेक्का आणि ईएमआय या दोन्ही कंपन्यांनी दशकानुदशके तिथे ध्वनिमुद्रणे केली. उतरत्या जमिनीचे, जुनाट, गैरसोयीचे. आणि त्याच्या पोटाखालून लंडनच्या भुयारी रेल्वेची पिकॅडिली लाइन जाणारी. गाडी गेली की तिची थरथर जमिनीतून चढून मायक्रोफोनपर्यंत पोहोचायची. वादन अप्रतिम झाले असेल तर गाडीसकट ते ठेवून द्यायचे, एवढाच मार्ग असे. १९९८ साली ती इमारत पाडली. आपल्या मुंबईच्या झुबिन मेहतांनी १९७२ साली जोन सदरलँड आणि लुचानो पावारोत्ती यांना घेऊन ‘तुरांदोत’ मुद्रित केले, तेही तिथेच. त्या संचातला चिठोरा मी नंतर मुद्दाम शोधला. त्यावर होते: ‘अजून सापडली नाही. ढोल फार.’

आता मधल्या प्रतीचे कोडेही सुटले. फेरप्रकाशन करताना कोणा तंत्रज्ञाने गाडी घालवण्यासाठी खालचे सूर कापले असणार. पण डबल बेस या वाद्याची सर्वांत खालची तार सेकंदाला जेमतेम ४१ कंपनांवर बोलते, आणि गाडीही त्याच वस्तीत राहते. एकीला बाहेर काढताना दुसऱ्यालाही घर सोडावे लागते. ज्याने आयुष्यभर इंजिनरूममध्ये बेअरिंगला स्क्रूड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाला लावली, त्या माणसाला हे कळले नसते तरच नवल. मी मात्र संग्रहात ठेवण्यासाठी तीच मधली प्रत निवडली होती, कारण तिचे पाकीट सर्वांत स्वच्छ होते.

तोवर साडेअकरा झाले होते. सहायकाला बाकीच्या नोंदी थांबवायला सांगून आम्ही दोघांनी यादीतली पाकिटे झटकायला घेतली. चिठोरे निघतच राहिले.

रेस्पीगी या संगीतकाराच्या, रोममधल्या कारंज्यांवरच्या आणि पाइन वृक्षांवरच्या दोन वाद्यवृंदरचना संचालक आर्तुरो तोस्कानिनीने मोनो, म्हणजे एकाच वाहिनीच्या पद्धतीने मुद्रित केलेल्या आहेत. तोस्कानिनी १९५७ साली वारला आणि १९६१ साली आरसीए कंपनीने त्याच मुद्रणांना विद्युतप्रक्रियेने ‘स्टिरिओ’ करून पुन्हा बाजारात आणले. जे मुळात एकाच वाहिनीवर होते, ते डाव्या-उजव्या कानांत वेगळे भासेल अशी करामत केली. चिठोऱ्यावर चीफसाहेबांनी लिहिले होते: ‘एका म्हाताऱ्याचे दोन केले. एकही धड नाही.’ माझ्या यादीत मोनो प्रतीपुढे शेरा होता: ‘अधिक चांगली स्टिरिओ प्रत उपलब्ध.’ तो शेरा वाचताना सहायकासमोर मला ओशाळल्यासारखे झाले, हे कबूल केले पाहिजे.

एक नोंद मी ‘दुबार’ऐवजी ‘चुकीची तबकडी’ म्हणून काढली होती. रोसिनीच्या ‘एलिझाबेत्ता’ या ऑपेराच्या संचात पहिल्याच बाजूला ‘सेव्हिलच्या न्हाव्या’चे जगप्रसिद्ध ओव्हर्चर वाजत होते, म्हणून मी पाकिटांची अदलाबदल झाली असे समजले होते. अदलाबदल रोसिनीनेच केली होती. १८१३ साली मिलानला ‘आउरेलियानो’साठी लिहिलेले ओव्हर्चर त्याने १८१५ साली नेपल्सला ‘एलिझाबेत्ता’ला लावले आणि १८१६ साली रोमला ‘न्हाव्या’ला. पहिले दोन्ही गंभीर, राजेरजवाड्यांचे. तिसरे निखळ विनोदी. आणि आज ते ऐकून प्रत्येकाला न्हाव्याचा वस्तराच दिसतो! चिठोऱ्यावर फक्त एवढेच: ‘एक नांदी, तीन नाटके. फेरप्रकाशनाचा मूळ पुरुष.’

इटालियन गायक कारुसोच्या बाबतीत मात्र मी अजूनही अडखळलेलीच आहे. ११ एप्रिल १९०२ रोजी मिलानमधल्या एका हॉटेलच्या खोलीत ध्वनिमुद्रक फ्रेड गाइसबर्गने त्याच्या दहा तबकड्या मुद्रित केल्या. हाच गाइसबर्ग त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात कोलकात्याला येऊन गौहरजानचे गाणे मुद्रित करत होता. त्या काळी तबकडीच्या फिरण्याचा वेग ठरलेला नव्हता. पुढे सगळ्यांना सरसकट ‘७८ च्या’, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, म्हटले गेले, पण मुद्रण त्याहून संथ फिरत्या मेणावर झाले असेल आणि आपण ते ७८ वर वाजवले, तर गाणारा वरच्या पट्टीत जातो. सुमारे सहा टक्क्यांचा फरक पडला की काळी एकचा गायक पांढरी दोनमध्ये गातो, आणि शिवाय त्याच्या गळ्याचे वजन जाते. चीफसाहेबांकडे या गाण्यांची तीन फेरप्रकाशने होती आणि संगणकावर मोजल्यावर त्यांतल्या दोहोंत जवळजवळ अर्ध्या स्वराचे अंतर निघाले. खरा कारुसो कोणता, हे लिखित पट्टीवरून सांगावे तर तीही सोय नाही, कारण गायक आपल्या गळ्याच्या सोयीने पट्टी उतरवून घेत आणि लेबलवर त्याची नोंद नसे. प्रत्येक फेरप्रकाशन करणाऱ्याने कानाला विचारून एक वेग ठरवलेला असतो. त्या तिन्ही प्रती ठेवणे म्हणजे तीन माणसांचे मत ठेवणे. चिठोऱ्यावर त्यांचे चौथे मत होते: ‘७८ वर लावू नये. माणूस चिरकतो.’

चारच्या बैठकीत मी यादी मागे घेण्याची विनंती केली. अध्यक्षांनी शांतपणे विचारले, “मग बाई, गेल्या आठवड्यात तुम्ही सही कशावर केलीत?” प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. त्याऐवजी मी घाईघाईने मोबाइलवर घेतलेले नमुने ऐकवायला निघाले, आणि तिथे माझी पुरती फजिती झाली. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला तळाचे सूर पेलतच नाहीत; तिन्ही प्रती हुबेहूब एकसारख्या वाजल्या. गाडी कुठल्याच प्रतीत आली नाही. एक सदस्य म्हणाले, “ऐकायला तर एकच आहे.” तेव्हा श्रवणकक्षात चलावे म्हणून मी अक्षरशः आर्जव केले. तिघे आले. हेडफोन एकच असल्याने आळीपाळीने ऐकणे झाले. दोघांना गाडी ऐकू आली, एकांना आली नाही आणि त्यांनी तसे स्पष्ट सांगितले.

तीन महिन्यांची मुदत मिळाली आणि एक अट मिळाली: जी प्रत ठेवायची, तिच्यापुढे वेगळेपणाचे कारण लिहायचे. त्यासाठी लेबलाभोवतीच्या गुळगुळीत कड्यात कोरलेला साच्याचा क्रमांक फार उपयोगी पडला. वेगळ्या पाकिटांतल्या दोन तबकड्या पुष्कळदा एकाच साच्यातून निघालेल्या असतात, आणि एकाच पाकिटाच्या दोन प्रतींचे साचे निराळे असू शकतात. भिंग आणि तिरका उजेड असला की वाचता येते. अशा रीतीने ३१ तबकड्या खरोखरच दुबार ठरल्या आणि गेल्या. कालासच्या ‘तोस्का’चे पाचही संच राहिले.

सप्टेंबरच्या सुमाराला सहायक नोंदी संगणकावर चढवत होता. मध्येच त्याने मान वळवून विचारले, “मॅडम, गाडी कोणत्या रकान्यात टाकू? ‘दोष’ की ‘टीप’?”

मी त्याला ‘मुद्रणस्थळ’ हा रकाना उघडायला सांगितले. तो आतापर्यंत बहुतेक नोंदींत आम्ही रिकामाच सोडला होता.