जुलैतलं अलिबाग आणि माईंची पाचची साडी

आमची मुलुंडची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार जाणार असं सात वर्षं ऐकत होतो आणि मग एका रविवारच्या मीटिंगमध्ये ठरलंच, मार्चअखेर सगळ्यांनी घरं रिकामी करायची. तीन वर्षं बाहेर काढायची होती. बिल्डर महिन्याला ४५ हजार भाडं देणार, तेवढ्यात मुलुंड वेस्टला बऱ्यापैकी टू बीएचके मिळतो. पण माझ्या डोक्यात त्याच रात्री अलिबाग सुरू झालं. माझं माहेर तिथलं, आई एकटी असते, घर मोठं, मागे नारळ-सुपारीची वाडी, किनारा चालत दहा मिनिटांवर. माझं काम लॅपटॉपवरचं, मुलगा पुण्याला हॉस्टेलला, नवऱ्याला आठवड्यातून तीनच दिवस फोर्टला ऑफिस. आईकडे राहिलो तर तीन वर्षांचं भाडं सगळं वाचतं, म्हणजे १६ लाखांच्या वर रक्कम, आणि शिवाय आई एकटी राहणार नाही. मला तर यात विचार करण्यासारखं काही दिसतच नव्हतं.

ज्यांना सांगितलं ते सगळे म्हणाले, नशीबवान आहेस. पण ते सगळे अलिबागला जातात कधी, तर डिसेंबरात. थंडी पडलेली, वालाच्या शेंगा आलेल्या, कुणाच्या तरी शेतात भांबुर्ड्याचा पाला घालून मडक्यात शेंगांची पोपटी लावलेली, गेटवेहून बोटीने मांडवा आणि रविवारी संध्याकाळी परत. मी तिथे वाढलेय, त्यामुळे मला माहितीये की खरं अलिबाग बघायचं तर जुलैत बघावं. गेटवेच्या बोटी पावसाळ्यात बंद असतात, मासेमारी जुलैअखेरपर्यंत बंद असते म्हणून ताटात सोडे आणि सुकट, कपडे चार चार दिवस वाळत नाहीत, आणि वारा सुटला की लाईट जाते ती कधी येईल काही सांगता येत नाही. म्हणून मीच म्हटलं की आधी जुलैत महिनाभर राहून बघू आणि मग ठरवू. नवरा, मी आणि माई. माई म्हणजे माझ्या सासूबाई, ७३ वर्षांच्या, लग्न होऊन मुलुंडला आल्या त्या तिथेच.

नवऱ्याचं गणित पहिल्याच आठवड्यात कळलं. मुलुंडहून फास्ट लोकल पकडली की पाऊण तासात सीएसएमटी. अलिबागहून म्हणजे आधी मांडवा, वीसेक किलोमीटर, मग रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी मोठी बोट, ती तासभर घेते, भाऊच्या धक्क्यावर उतरून टॅक्सी. अडीच तास धरायचेच. रो-रो २०२० साली सुरू झाली म्हणून हे निदान शक्य तरी आहे, आणि ती पावसाळ्यातही चालते, पण समुद्र फारच खवळला की तिच्याही फेऱ्या रद्द होतात. एका दिवशी तसं झालं आणि तो कार्लेखिंड, पोयनाड, वडखळ करत रस्त्याने गेला तर ऑफिसात पोचेपर्यंत जेवायची वेळ झालेली. तरी त्याची तक्रार नव्हती हं, तो म्हणाला तीनच दिवस आहेत, डेकवर उभं राहून चहा घेता येतो, लोकलमध्ये श्वास घेता येत नाही. म्हणजे अडचण तिथे नव्हती.

माझं तर काय, मी सुखात होते. पहाटे उठून किनाऱ्यावर जायचं, पावसाळ्यात समुद्राचा रंग चिखलासारखा असतो, लोकांना तो आवडत नाही, मला तोच आवडतो. आई रोज कॅलेंडर बघून भरती-ओहोटी सांगायची. आमच्याकडे हिशोब सोपा आहे, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमी असली तर सहाला भरती, पौर्णिमा-अमावस्येला बाराच्या आसपास, म्हणजे सहाला पूर्ण ओहोटी. समोर समुद्रात असलेल्या कुलाबा किल्ल्यात चालत जायचं तर हेच बघावं लागतं, परत यायची वेळ चुकली की पाणी चढतं. लहानपणी बाबा मला पौर्णिमेच्या पहाटे थंडीत किल्ल्यात घेऊन जायचे, आत गणपतीचं देऊळ आणि चारी बाजूंनी समुद्र असून गोड्या पाण्याची विहीर, मला ते तेव्हाही खरं वाटायचं नाही आणि अजूनही वाटत नाही.

आणि माई. त्यांनी एका शब्दाने काही म्हटलं नाही. जेवण व्यवस्थित, झोप व्यवस्थित, आईशी गप्पा, पाऊस कमी असला की वाडीत एक फेरी. पण दुसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं, खरं तर आईच्या लक्षात आलं आणि तिने मला खूण केली, की माई रोज बरोबर पाच वाजता तोंड धुतात, साडी बदलतात, वेणी घालतात आणि हातात पर्स घेऊन ओट्यावर येऊन बसतात. कुठे जायचं नसतं. पाऊस कोसळत असतो समोर. सात वाजेपर्यंत बसायच्या, मग आत येऊन घरातली साडी नेसायच्या.

मुलुंडला पाचला त्या खाली उतरतात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आणखी तिघी भेटतात, गेल्या वर्षापर्यंत चौघी होत्या, मग पाच रस्त्यापर्यंत चालत, वाटेत भाजी, आठवड्यातून एकदा महाराष्ट्र सेवा संघात पुस्तक बदलायचं, कधी कालिदासला नाटक असलं की सगळ्यांची तिकिटं एकीने काढायची. मुलुंड शंभर वर्षांपूर्वी आखून वसवलेलं, रस्ते सरळ एकमेकांना काटकोनात, त्यामुळे माई डोळे मिटून चालल्या तरी चुकणार नाहीत. भाजीवाला त्यांना न विचारता कोवळी गवार बाजूला काढून ठेवतो. मी वीस वर्षं हे बघत होते आणि हिशोब मांडताना माझ्या कागदावर यातलं काहीच आलं नव्हतं. भाडं होतं, प्रवास होता, हवा होती, आईचं एकटेपण होतं. माईंच्या नावापुढे मी फक्त 'मोकळी हवा, तब्येतीला चांगलं' असं लिहिलं होतं. याचं मला अजून वाईट वाटतं.

आईला मी म्हटलं, अगं पण तू एकटी असतेस त्याचं काय. तर ती जवळजवळ रागावलीच. म्हणाली, एकटी कुठे आहे मी? आणि मग निसर्ग वादळाचं काढलं. ३ जून २०२० ला ते आमच्याच किनाऱ्यावर येऊन धडकलं, लॉकडाऊन चालू, मी मुलुंडला अडकलेली, फोन लागत नव्हता. वाडीतल्या निम्म्या सुपाऱ्या आडव्या झाल्या होत्या, घराची कौलं उडाली होती, लाईट तीन आठवडे नव्हती. मला दोन दिवस काही कळलं नाही, ते दोन दिवस मी कसे काढले ते मलाच माहिती. पण आईकडे त्याच संध्याकाळी शेजारची मुलं कोयते घेऊन आली, दारातलं झाड तोडून वाट केली, ताडपत्री बांधली, आणि पुढे आठवडाभर समोरच्या घरून दोन्ही वेळचा डबा आला. आई म्हणाली, तू असतीस तरी तू काय झाड तोडणार होतीस? मला इथे ४८ वर्षं झाली गं. ही माणसं आहेत म्हणून मी आहे इथे, समुद्र तर मी महिना महिना बघायलाही जात नाही. आणि मग हळू आवाजात म्हणाली, माईंना घेऊन जा परत. त्यांची माणसं तिकडे राहिलीत.

त्यावर मी काही बोलले नाही. दोन दिवस मनात धरून बसले की सवय होईल, तीन वर्षांत होतेच की. आईलाही झाली होतीच ना लग्न करून आल्यावर. पण आई तेव्हा २२ वर्षांची होती आणि माई ७३ च्या आहेत, आणि त्या चौघींपैकी एकजण गेल्या वर्षी गेली, म्हणजे आता त्यांच्यासाठी तीन वर्षं किती मोठी आहेत याचा अंदाज मला आला आणि मग त्या सवयीच्या गोष्टी मी मनातून काढून टाकल्या.

मी माईंना सरळ विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, तुला इथे बरं वाटतं ना, मग राहू. मी म्हटलं, माई, तुम्हाला काय वाटतं ते सांगा. बराच वेळ गेला. मग म्हणाल्या, गुरुवारी माझं पुस्तक परत करायचं होतं.

आता मुलुंडलाच घर घेतलंय भाड्याने, जुन्या बिल्डिंगपासून दोन गल्ल्या सोडून. लिफ्ट आहे का, हे आधी विचारलं आणि पाचला खाली उतरून त्या गल्लीच्या तोंडाशी माईंना रस्ता न ओलांडता जाता येतं का, हे मी स्वतः चालून बघितलं. भाडं ४७ हजार, म्हणजे वरचे दोन आमच्या खिशातून. सोळा लाख वाचणार नाहीत. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची बाल्कनी दिसते, दुसरं काही नाही, आणि मला समुद्राची आठवण येते, रोज येते, ती येणार नाही असं मी कुणाला सांगणार नाही. नवऱ्याने आणि मी ठरवलंय की महिन्यातून दोन शनिवार-रविवार मी अलिबागला जायचंच, पावसाळा असो नाहीतर काही असो.

सामान रविवारी हलतंय. माईंचा पितळी कड्यांचा झोपाळा नव्या घरात मावत नाही, तो टेम्पोने आईकडे पाठवायचाय. आईने ओट्यावरची कांद्याच्या माळांची जागा रिकामी केलीय, आणि काल फोनवर माईंना सांगत होती की मे महिन्यात या, झोपाळा तोवर मी वापरते, आणि येताना तुमच्या त्या तिघींनाही घेऊन या, चार गाद्या आहेत माझ्याकडे.