पद्मिनीचा डावा मडगार्ड

मागच्या आठवड्यात सिग्नलला एका टेम्पोने न बघता रिव्हर्स घेतला आणि आमच्या १९८६ च्या प्रीमियर पद्मिनीच्या डाव्या मडगार्डला वाटीएवढा पोचा पडला. वर ड्रायव्हर म्हणतो, "साहेब, जुनीच तर गाडी आहे!" काय बोलणार.

आज नाना पेठेतल्या डेंटिंगवाल्या चाचांकडे गेलो. नवीन मडगार्ड शोधू का, विचारलं, तर म्हणाले, "हा पत्रा कुर्ल्याच्या कारखान्यातला. असा जाड पत्रा कुठं मिळतो आता?" मग कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक मडगार्डवरून फिरवलं. सगळीकडे चिकटलं, पोच्याच्या जरा खाली मात्र सुटून पडलं.

"इथं लांबी भरलीय. आधी पण ठोकलीय गाडी."

घासली तर खरंच, जुन्या लांबीचे, म्हणजे पुट्टीचे, पापुद्रे निघाले. मग दोन तास आतून डॉली, म्हणजे आधाराला धरायचा लोखंडी ठोकळा, बाहेरून हातोडीचे हलके ठोके, मध्येच तळहात फिरवून उंचसखल बघणं. ताणलेला पत्रा गॅसने लाल करायचा आणि लगेच ओलं फडकं, की आक्रसतो. मी चहा प्यायचा विसरलो. रंग पुढच्या आठवड्यात. जुना रंग उडालाय, त्यामुळे उन्हात धरूनच जुळवायचा.

घरी येऊन बाबांना विचारलं. "माझ्या हातात गाडीला ओरखडा नाही," हे लहानपणापासून ऐकत आलोय. पेपर खाली ठेवला, स्वयंपाकघराकडे बघितलं.

"आईला सांगू नकोस."