मेणरंग, नोंद चौथी: थर सांधताना हीट गन, गॅसचा टॉर्च की इस्त्री?

मेणरंग (एन्कॉस्टिक) म्हणजे वितळलेल्या मेणात रंग मिसळून लाकडी फळीवर थरांनी चित्र काढणं. मिश्रणाचं प्रमाण आता पक्कं झालं आहे. वजनाने ८ भाग मधमाशीचं मेण, १ भाग डामर राळ (झाडाचा सुकलेला चीक; रस्त्याचं डांबर नव्हे). राळ वाढवली की पृष्ठभाग कडक होतो, चमकही छान येते, पण थर ठिसूळ होऊन कडांचे टवके उडतात. राळ कुटूनच टाकावी. वितळलेल्या मेणात ती आधी चिकट गोळा होऊन काडीला लोंबते. घाबरून आच वाढवू नये, ढवळत राहिलं की विरघळते. साल-कचरा तळाशी बसला की मलमलीतून गाळायचं.

मेणरंग वितळता ठेवायच्या तव्याचं तापमान ८० ते ९३ अंश सेल्सिअस. मेण ६२-६४ अंशांनाच वितळतं, पण इतक्या कमी तापमानात ब्रश फळीवर पोचेपर्यंत ते गोठतं. धूर दिसला तर मेण जळू लागलंय, लगेच आच कमी करा. तो धूर डोळ्यांना आणि घशाला झोंबतो. खिडकी उघडी हवीच. नायलॉनचे ब्रश तव्यावर वितळतात, म्हणून नैसर्गिक केसांचेच वापरायचे.

खरा प्रश्न सांधण्याचा. प्रत्येक नवा थर खालच्या थरात वितळून मिसळायलाच हवा, नाहीतर पुढे तो पापुद्र्यासारखा सुटतो. गरम हवेचा झोत सोडणारी हीट गन सर्वांत सोयीची: पंखा मंद, हात सतत फिरता. निस्तेज दिसणारा थर ओला चमकला की तिथून लगेच पुढे सरकायचं. क्षणभर जास्त थांबलं की खड्डा पडतो आणि रंग वाहून कडेला जमतो. जोरदार हवा तर बारीक रेघ पुसूनच टाकते. अशा रेघेवर छोटा टॉर्च बरा, कारण हवेचा धक्का कमी असतो. बुडबुडेही त्यानेच फुटतात. इस्त्री उंचवटे सपाट करते, पण रंग ओढत नेते. त्यामुळे ती फक्त सुरुवातीच्या थरांना.

सुईच्या टोकाएवढी छिद्रं वारंवार येत असतील तर दोष हत्याराचा नसतो. लाकडातली हवा तापून वर येते. फळी आधी कोमट करून बिनरंगी मिश्रणाचा पातळ थर द्यावा आणि तो नीट सांधावा, मग त्रास बराच कमी होतो. नेहमीचा अ‍ॅक्रिलिक जेसो (चित्राआधी फळीला द्यायचं पांढरं अस्तर) मात्र नको: तो मेण शोषत नाही, पकड बसत नाही.

कोरलेली रेघ भरायला ऑइल स्टिक (तेलरंगाची कांडी) उत्तम. थर पूर्ण गार झाल्यावर कोरायचं, रेघेत रंग दाबायचा, वरचा फडक्याने पुसायचा, मग अगदी हलकी ऊब द्यायची. गरम थरावर कोरलं तर कडा फाटतात.

काही दिवसांनी चित्रावर पांढुरकी झाक आली तर ती बुरशी नव्हे, मेणाचाच पृष्ठभागावर आलेला अंश. मऊ, धागे न सोडणाऱ्या कापडाने हलकेच घासलं की चमक परत येते.

पुढची चाचणी: हेच तीन प्रकार, पण थर दुप्पट जाड.