ते काय औषध नाही

शुक्रवारी रात्री साडेबाराच्या सुमाराला एका काकांना रिक्षातून उतरवलं. पुण्यात सातारा रस्त्याजवळच्या एका हॉस्पिटलात मी कॅज्युअल्टी बघते, त्यामुळे मार्केटयार्डातली माणसं आमच्या ओळखीची. पाठीत उसण भरली, पायावरून टेम्पोचं चाक गेलं, असं काही ना काही घेऊन ती येत असतात. हे काका कांद्याच्या गाळ्यावर दिवाणजी, वय 58. दुसऱ्या दिवशी शनिवार, म्हणजे यार्डाला सुट्टी.

मुलगा एका दमात सांगत होता. "बाबांच्या छातीत दुखायला लागलं म्हणून जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवली. दहा मिनिटांनी दुसरी ठेवली, तर उभे होते तिथेच खाली बसले आणि आडवे झाले." दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली, तेव्हापासून ही गोळी देव्हाऱ्याशेजारच्या डबीत असायची. पोरानं शिकवलं होतं तसंच केलं होतं. हे मी त्याला नंतर तीनदा सांगितलं, कारण वडील आपल्याच हातून जात होते असं त्याच्या मनानं घेतलं होतं.

काकांचे हात गार, शर्ट घामानं अंगाला चिकटलेला. बीपी वरचं 70, खालचं लागेना. सिस्टरनं दुसऱ्या हाताला लावून पाहिलं, तेच. सॉर्बिट्रेटनं बीपी उतरतं, चक्करही येते, पण माणसाला झोपवून पाय वर केले की तो थोड्या वेळात सावरतो. हे सावरत नव्हते. हृदयाच्या उजव्या बाजूला झटका आला असेल तर या गोळीनं बीपी असंच कोसळतं, म्हणून उजव्या बाजूनंही ईसीजी काढला. त्यात काही नाही. जुन्या फाइलमधला ईसीजी शेजारी धरला, फरक नाही. दोन्ही हातांना सलाइन जोरात सोडलं.

"काका, कोणकोणती औषधं चालू आहेत?"

काकूंनी पिशवी पुढे केली. रक्त पातळ करायची, कोलेस्टेरॉलची आणि बीपीची गोळी. सगळं जिथल्या तिथे, पाकिटावर पेनानं 'सकाळ', 'रात्र' लिहिलेलं.

"याशिवाय काही?"

"नाही मॅडम," काका म्हणाले. काकूही नाही म्हणाल्या.

हा प्रश्न मी बायको आणि मुलगा शेजारी उभे असताना विचारला. पलीकडे पडद्याआड आणखी एक पेशंट होता. वर मी त्यांच्या मुलीच्या वयाची. चूक माझी होती, आणि ती मला तेव्हा कळली नाही.

सव्वा वाजेपर्यंत बीपी 110 वर आलं. सगळ्यांनी श्वास सोडला, तेवढ्यात काका छातीवर हात ठेवून म्हणाले, "पुन्हा दाबल्यासारखं होतंय." माझ्या ज्युनिअरनं नायट्रोग्लिसरीनची अँप्यूल काढली. "मॅडम, अगदी हळू सुरू करू का?" नायट्रोग्लिसरीन सॉर्बिट्रेटच्याच कुळातलं. हृदयाच्या दुखण्यावर आमचा हात सवयीनं तिकडेच जातो. मी हो म्हणणारच होते.

"मॅडम, जरा बाहेर येता?" आमचे वॉर्डबॉय मामा दारात उभे होते. ओला शर्ट बदलताना त्यांना खिशात काहीतरी सापडलं होतं, आणि त्यांनी काकांच्या कानाशी वाकून हळूच विचारलं होतं. मामांच्या हातात सोनेरी चकचकीत पाकीट होतं. चार कॅप्सूलांपैकी एकीची जागा रिकामी. उधळलेला घोडा, त्याखाली 'शंभर टक्के आयुर्वेदिक', 'शिलाजित, अश्वगंधा, सफेद मुसळी', आणि लाल अक्षरांत 'परिणाम 30 मिनिटांत'. पाकीट उलटसुलट करून पाहिलं. परवाना क्रमांक नाही, बॅच नंबर नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही. टपरीवरून घेतलं होतं, पानाबरोबर.

"साडेनऊला एक घेतली म्हणतात," मामा म्हणाले. "म्हणाले, ते काय औषध नाही, आयुर्वेदिक आहे, म्हणून मॅडमना सांगितलं नाही."

अश्वगंधा अर्ध्या तासात कुणाला घोडा बनवत नाही. असल्या पाकिटांत बहुतेक वेळा सिल्डेनाफिल (म्हणजे व्हायग्रातलं औषध) किंवा त्याच्याच जातीचं टाडालाफिल असतं, नाहीतर त्यांचाच रेणू तपासणीत सापडू नये म्हणून किंचित बदलून घातलेला असतो. सॉर्बिट्रेट रक्तवाहिन्या सैल करते. शरीर थोड्या वेळानं त्या पुन्हा आवळून घेतं, आणि सिल्डेनाफिल नेमकं हे आवळणंच थांबवतं. दोन्ही एकत्र आली की बीपी तळाला जातं. म्हणूनच सिल्डेनाफिल चिठ्ठीशिवाय विकता येत नाही आणि देण्याआधी डॉक्टर हृदयाची औषधं विचारतात. टपरीवाला काय विचारणार? त्याला स्वतःलाच माहीत नसतं आपण काय विकतोय ते.

मी धावतच आत गेले. अँप्यूल फोडून सिरिंजमध्ये भरलेली होती. ती बाजूला ठेवायला लावली. सिल्डेनाफिल असेल तर 24 तास आणि टाडालाफिल असेल तर 48 तास सॉर्बिट्रेटचं कुळ वर्ज्य. पाकीट काही सांगत नव्हतं, म्हणून फाइलवर लाल पेनानं 48 लिहिलं. लगेच साखरही तपासली. 2008 मध्ये सिंगापूरला असल्याच बेकायदा गोळ्यांत मधुमेहाचं ग्लिबेनक्लामाइड मिसळलेलं निघालं होतं. पाच महिन्यांत मधुमेह नसलेले 150 जण साखर उतरून दाखल झाले आणि चौघे गेले. काकांची साखर 118 निघाली, पण रात्रभर दर दोन तासांनी बोट टोचलं. हृदयाचे डॉक्टर आले, दुखण्यासाठी वेगळं औषध दिलं, रक्ताच्या दोन्ही तपासण्यांत झटका नसल्याचं कळलं.

सकाळी काकूंनी विचारलं, "यांना नेमकं झालं काय?" पेशंटच्या परवानगीशिवाय ते माझ्या तोंडून जाणार नव्हतं. मी काकांकडे पाहिलं. ते बराच वेळ सलाइनच्या बाटलीकडे बघत राहिले, मग म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर थांबा मॅडम, मी सांगतो हिला." पडदा ओढून मी बाहेर आले. आतून रडण्याचा आवाज आला, मग काकूंचा: "मला विचारायचं तरी. जीव मोठा की ते?"

उरलेल्या तीन कॅप्सूल पाकिटासकट लखोट्यात सीलबंद करून अन्न व औषध प्रशासनाला पत्रासोबत दिल्या. औषधाच्या दुष्परिणामाचा फॉर्मही भरला. तो कुणालाही भरता येतो, पेशंटलासुद्धा, आणि 1800-180-3024 या नंबरवर फोन करूनही कळवता येतं. लैंगिक शक्तीच्या औषधांच्या जाहिरातीला 1954 च्या कायद्यानं बंदी आहे. तरी तो घोडा कात्रज ते शिवाजीनगर कितीतरी टपऱ्यांवर टांगलेला दिसतो, आणि त्या रात्रीनंतर मला तो बघवत नाही.

आता मी नातेवाइकांना बाहेर पाठवून विचारते. 'औषध' हा शब्द टाळते. "दुकानातून, टपरीवरून, जिममधून, कुणी मित्रानं दिलं म्हणून काही घेतलंत का? पावडर, कॅप्सूल, काढा, काहीही?" गेल्या महिन्यात असंच विचारल्यावर एका आजींच्या कमरेच्या चंचीतून सांधेदुखीची पांढरी पुडी निघाली. त्यांचा सुजलेला गोल चेहरा आणि दंडावरचे काळेनिळे डाग पाहून स्टेरॉइडची शंका आलीच होती.

काका पंधरा दिवसांनी फेरतपासणीला आले. बीपी छान होतं. उठता उठता थांबले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "गाळ्यावरच्या एकाला घेऊन आलोय. त्यालाही हार्टच्या गोळ्या चालू आहेत आणि तोही ते घेतो. बाहेर बसलाय, पण तुमच्याशी बोलायला लाजतो. जरा त्या मामांना बोलवता का?"

मी मामांना हाक मारली.